थोरलीची चांगली पानं

आमच्या लॅबमधे लोक काय काय घेऊन येतात ते सांगत बसली तर तुमचा चहा थंड होईन. रामदासपेठेत, दोन दवाखान्यांच्या मधात आमची लॅब आहे, झाडांचे रोग तपासायची. बाहेर एवढी मोठी पाटी आहे, तरी एखादा पेशंट बाही वर करून रक्त द्यायले आत येतेच. त्याले मी बाजूच्या दारी धाडते. त्याचा राग येत नाही. राग येते तो संत्र्याची पानं घेऊन येणाऱ्यायचा. कोणी प्लॅस्टिकच्या पन्नीत कोंबून, गाडीच्या डिक्कीत दुपारभर उकडून आणते. कोणी मोबाईलमधला फोटो दाखवते आणि म्हणते, मॅडम, यालेच टाका ना मशीनमधे. मी सगळ्यायले एकच सांगते, बावा, बिघडलेलं पान आणा. पिवळं आणा, चट्टे पडलेलं आणा. चांगल्या पानांची काय मी तोरणं बांधू?

हे सांगता सांगता माझा घसा बसला, आणि माझ्या सख्ख्या बापानं काय केलं ते ऐका.

बाबांचं नाव देवाजी. हिंगण्याच्या पुढं, एमआयडीसीचे कारखाने संपले की आत आमचं गाव आहे आणि गावाच्या शिवेवर आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी. काम सांगायले सोपं आहे. जंबेरी लिंबाचं रोप वाढवायचं, त्याच्या खोडाले चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे बंद कोंब, काढून त्या चिरीत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. डोळा फुटला की कलम तयार. ज्या झाडाचा डोळा, त्या झाडाचा गुण. आणि त्याच झाडाचा रोगबी, पण हे दुसरं वाक्य मी बोलली की लोकायले एकदम गाडी काढायची घाई होते.

आमचं डोळ्याचं झाड एकच. घरात त्याले थोरली म्हणतात, कारण ते माझ्या आधी आलं. बाबांनी नर्सरी टाकली तेव्हा लोक रस्त्यावरूनच पाहत आणि पुढं जात. बौद्धाच्या हातचं कलम आपल्या वावरात कशाले, असं तोंडावर कोणी म्हणे नाही, पण म्हणायची गरज काय आहे, समजते ना. मग थोरलीले फळं लागली. एकानं खाल्लं, त्यानं दुसऱ्याले सांगितलं, आणि तेच लोक आमच्या फाटकाशी गाड्या लावून डोळकाडी मागायले लागले. डोळकाडी म्हणजे डोळे असलेली बारीक फांदी. तेव्हापासून बाबांचा नेम आहे, डोळकाडी मागितली तर नाही म्हणायचं नाही आणि पैसा घ्यायचा नाही. दुसऱ्या नर्सरीवाल्यालेबी फुकट. मी किती डोकं फोडलं, की बाबा, आपल्याच धंद्यातल्या माणसाले कोणी आपलं मदर झाड वाटते का? तर हसतात. ज्यायले आमच्या घरचं पाणी चालत नव्हतं त्यायच्या वावरात थोरलीचे डोळे फुटून राहिले, याचं त्यायले जे समाधान आहे त्याच्यापुढं माझं शिक्षण चालत नाही.

तर यंदा हिवाळ्यात, डोळे बांधायच्या तोंडावर, मी रविवारी घरी गेली. हातपाय धुवायच्या आधी थोरलीकडं नजर गेली आणि मी तशीच तिकडं वळली. एका फांदीची पानं पिवळी पडली होती. खत कमी पडलं की पानं पिवळी होतात, पण तेव्हा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या होतात. इथं डाव्या बाजूचे चट्टे वेगळे, उजवीचे वेगळे. त्याच फांदीवर दोन-तीन फळं होती, लहान, वाकडी, आणि बुडाकडून हिरवीच राहिलेली.

"बाबा, हे ग्रीनिंग असू शकते," मी म्हटलं.

"व्हायरस?"

"व्हायरस नाही, बॅक्टेरिया. पण करणी तीच. झाडाच्या रसातून फिरते. एकदा शिरला की बाहेर काढायले औषध नाही. आणि इथला डोळा जिथं जाईन तिथं रोग जाईन. कलम काही वर्षं हिरवंगार दिसन. शेतकरी त्याले पाणी घालन, खत घालन, आणि फळ धरायची वेळ आली की झाड वाळाले लागन. तेव्हा तो कोणाले धरन?"

माझी माय, भीमाबाई, ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती म्हणे, "तपासून घेऊ मंग. घरचीच लॅब आहे."

मी पानं तोडायले हात वर केला, तर बाबांनी अडवलं. "तू राहू दे वं. मीच आणतो. तुह्या हापिसात."

इतकी वर्षं झाली मले नोकरी लागून, बाबा कधी लॅबमधे आले नव्हते. बोलावलं की म्हणत, तिथं आमचं काय काम. आता स्वतःहून म्हणून राहिले होते तर मी कशाले मोडता घालू? मी त्या पिवळ्या फांदीले हात लावून दाखवलं, याच फांदीची पानं आणा, दुसरी नको. बाबांनी मान हलवली. मायनंबी पाहिलं. म्हणजे सांगितलं नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

ते आले त्या दिवशी मी लॅबच्या मोठ्या साहेब, आमच्या अरुंधती मॅडमसोबत काटोलकडं बगीचे पाहायले गेली होती. पानं काउंटरवर जमा झाली. आमच्या इथं नमुन्यावर नाव राहत नाही, नंबर राहते. त्यामुळं मशीनवर मीच ते चालवलं तरी कोणाचं आहे ते मले माहीत नव्हतं. निकाल साफ निघाला, रोग नाही. सही झाल्यावर नाव पाहिलं आणि मी खरं सांगते, तिथंच खुर्चीत बसून डोळे मिटले. चला, खताचीच कमी होती. रिपोर्ट बाबांनी नेला; मले सवड मिळाली ती आठवड्यानं, तेव्हा बर्डीच्या बाजारातून पेढे घेतले आणि घरी गेली.

फाटकातच पाय थबकले. आमच्या पाटीच्या खाली आमच्याच लॅबचा रिपोर्ट लॅमिनेशन करून टांगलेला. जवळून पाहिला तर झेरॉक्स होता. आमच्या रिपोर्टखाली बारीक अक्षरात एक ओळ राहते, की हा निकाल आणलेल्या नमुन्यापुरताच आहे. झेरॉक्सवाल्यानं कागद असा ठेवला होता की तेवढी ओळच उडाली होती. मोठ्या अक्षरातलं 'रोग आढळला नाही' मात्र लांबून दिसत होतं.

आत गेली तर ती पिवळी फांदी झाडावर नाही.

"फांदी कुठं गेली?"

"छाटली," बाबा म्हणाले. "रिपोर्ट लागला तसे लोक येऊन राहिले पाहायले. त्यायच्यासमोर चांगली दिसते का ती?"

माझ्या डोक्यात तेव्हाच किडा वळवळला. मी पेढ्याचा डबा खाली ठेवला आणि विचारलं, "बाबा, तपासायले पानं कोणती आणली होती?"

"वरची. एकदम मस्त."

"मी दाखवलेल्या फांदीची नाही?"

"त्या फांदीची कशी आणू वं?" मीच येड्यासारखं विचारून राहिली, असा त्यायचा चेहरा. "पोरगी तिथं खुर्चीवर बसते आणि बाप तिच्या साहेब लोकायसमोर सडकी पानं टाकन? काय म्हणतीन लोक? मी पाहून पाहून तोडली. दोन पाण्यानं धुतली. तुह्या मायच्या धुतलेल्या फडक्यानं एक एक पुसलं. काउंटरवरची पोरगीबी म्हणे, काका, किती छान आणली."

माझं टाळकं सटकलं. मी काय काय बोलली ते सगळं सांगण्यासारखं नाही. की तुम्ही लग्नाले आले होते की तपासायले, की एका डोळ्यानं आंधळ्या माणसाचा धडधाकट डोळा तपासून काय समजणार, की या झाडात हा रोग सगळीकडं सारखा राहत नाही, एका फांदीत खच्चून भरलेला आणि दुसरीत नावाले नाही. बाबा ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे तुह्यं मशीन खोटं बोलते?"

"मशीन खरं बोलते. त्या चांगल्या पानात रोग नव्हता, तेच सांगितलं त्यानं."

"झाड तर तेच आहे ना."

घ्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मले नीट रागबी धरता येईना. हाच माणूस तांब्यात विस्तव घालून माझ्या शाळेच्या ड्रेसले इस्त्री करायचा. डोक्याले तेल, नखं कापलेली, पुस्तकायले कव्हर. आपल्याकडं पाहून कोणी नाक मुरडलं नाही पाहिजे, हे एकच त्यायचं गणित. त्यानंच मी शिकली, त्यानंच मी त्या खुर्चीवर बसली. आणि त्याच गणितानं त्यायनं रोग झाडावर ठेवला आणि चांगली पानं माझ्याकडं आणली. आता कोणाच्या नावानं बोंब मारू?

"डोळे बांधणं थांबवा," मी म्हटलं. "मी पुन्हा पानं नेते. आज, माझ्या हातानं."

"आता नाही," बाबा म्हणाले. "एकदा साफ निघालं ना. पुन्हा नेलं तर लोक म्हणतीन, काहीतरी आहे म्हणूनच नेते."

"काहीतरी आहे म्हणूनच नेते ना बाबा मी."

तेव्हा माय उठली. ती सहसा आमच्या मधात पडत नाही. "तिले तोडू द्या जी," ती म्हणे. "ऐकायचंच नव्हतं तर एवढं शिकवलं कशाले तिले?" बाबा विहिरीकडं निघून गेले. मी चारही बाजूनं पानं तोडली. जुनी, चट्टे असलेली, जिथं जिथं शंका आली तिथली. प्रत्येक बाजूची वेगळी बांधली आणि तिथूनच परत लॅबमधे गेली.

चारपैकी तीन बाजूंत रोग निघाला.

मॅडमनं दोनदा पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, झाड काढावं लागेल, मुळासकट. जात वाचवायची असेल तर एक रस्ता आहे. शेंड्याचा डोळ्याले दिसणार नाही एवढा कोंब घ्यायचा, तिथवर रोग बहुतेक पोचलेला नसतो, आणि लॅबमधे काचेच्या नळीतल्या रोपावर त्याचं कलम करायचं. जमलं तर जाळीच्या घरात नवी थोरली वाढवता येईल. जमेलच असं नाही.

मी हे सगळं घरी जाऊन सांगितलं. मायनं विचारलं, औषध, फवारा, काहीच नाही? मी म्हटलं, फवारा रोग पसरवणाऱ्या किड्यासाठी आहे, झाडातल्या रोगासाठी नाही. काचेच्या नळीचंबी सांगितलं. मले वाटलं, बाबा तेवढंच धरून बसतील. ते म्हणाले, "ते मांगून पाहू. पहिले रुपरावनं नेली."

"काय नेली?"

"डोळकाडी. रिपोर्ट लागल्यावर तो नर्सरीवाला रुपराव आला, मोठा भारा नेला. नाल्यापलीकडच्या पिंटूनं नेली. मंग ते दोघं भाऊ. मंग कळमेश्वरवाला." बाबा बोटांवर मोजत नव्हते, सरळ तोंडानं सांगत होते, आणि नावं संपत नव्हती. "रिपोर्ट पाहूनच आले सगळे. मी कोणाले नाही म्हटलं नाही."

मी कपाळाले हात लावून खाली बसली. आमच्या वाफ्यातली कलमं उपटता आली असती. पण आमच्याच सहीच्या कागदानं थोरली गावोगाव पोचवली होती. रोगाच्या किड्याले जे करायले वर्षं लागली असती ते आमच्या झेरॉक्सनं एका आठवड्यात केलं.

दुसऱ्या दिवशी थोरली काढली. माझा भाऊ प्रशिक एमआयडीसीत शिफ्टवर असते, तो सकाळी तसाच कंपनीच्या बसमधून उतरून आला. बाबांनी कुऱ्हाड त्याच्या हातात दिली नाही, स्वतःच चालवली. नळीतल्या कलमासाठी शेंड्याच्या कोवळ्या काड्या मी आधी काढून ओल्या कापडात ठेवल्या होत्या. मुळं खणून निघाली, सगळं जाळलं. आमच्या वाफ्यातली नवी कलमंबी त्याच आगीत घातली. माय घरातून बाहेर आली नाही. बाबांनी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला, आणि म्हणाले, "चाल, गाडी काढ."

रुपरावची नर्सरी आमच्यापेक्षा किती तरी मोठी. गेलो तर त्याचा कारागीर वाफ्याशी बसून डोळे बांधून राहिला होता. बाजूले ओल्या पोत्यात गुंडाळलेली थोरलीची डोळकाडी. एका रोपाले चीर दिली, डोळा बसवला, पट्टी गुंडाळली, पुढचं रोप. चाकू तोच, मधात पुसणंबी नाही. मले पाहवत नव्हतं.

"या देवाजीभाऊ," रुपराव म्हणाला. खुर्च्या मागवल्या. मी उभ्यानंच सांगितलं. रोग निघाला, झाड काढलं, ही डोळकाडी जाळा आणि बांधलेली कलमं उपटा.

रुपरावनं ऐकून घेतलं, आत गेला आणि त्याच रिपोर्टचा झेरॉक्स घेऊन आला. "हे काय आहे मंग मॅडम? तुमच्याच लॅबचं आहे ना?"

"हो. पण ती पानं..."

"आज साफ म्हणता, उद्या रोग म्हणता. आमी कोणत्या दिवशीचं ऐकायचं?" तो शांतपणे बोलत होता, आणि त्यानंच माझं रक्त जास्त तापलं. "आमची कलमं एकदम मस्त दिसून राहिली. पाहा ना, एक तरी पान पिवळं आहे का?"

"आत्ता दिसणार नाही. काही वर्षांनी दिसन, जेव्हा ती लोकायच्या वावरात असतीन."

"काही वर्षांनी कोणाचं काय होईन, काय सांगता येते?" मग थोडं हसून म्हणाला, "का यंदा आमची कलमं जास्त आहे म्हणून हे?"

मी तोंड उघडलं. खरं सांगते, जे निघणार होतं ते चांगलं नव्हतं. पण बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढं झाले.

"लॅब दोन्ही वेळा खरीच होती, रुपराव," ते म्हणाले. "खोटं मी केलं. पोरीनं खराब फांदी दाखवली होती. मी ती झाडावरच ठेवली आणि चांगली पानं नेली. मले लाज वाटली." कारागीर मान वर करून पाहू लागला. रुपरावच्या घरातले दोघं-तिघं दारात आले. बाबांचा आवाज बारीक झाला नाही. "रोग माह्या झाडाले होता. माह्या घरून तुमच्या घरी आला. तो काढून टाका."

या माणसानं जन्मभर एक गोष्ट होऊ दिली नव्हती. आमच्या घरची घाण म्हणून कोणाले बोट दाखवता येईन, असं काही त्यायनं कधी दारात दिसू दिलं नाही. आणि आता या दारात उभं राहून ते स्वतःच बोट दाखवून राहिले होते. मले इतकं वाईट वाटलं की मी वाफ्याकडं पाहत राहिली.

रुपरावनं कागदाची घडी केली. "पाहू," तो म्हणाला. "घाई काय आहे. चहा घ्या." आणि कारागिराले मानेनं खूण केली. त्यानं पुढच्या रोपाले चीर दिली.

मी म्हटलं, चला बाबा. इथं काही होणार नाही. मी गाडीपर्यंत गेली आणि मागं वळून पाहिलं तर बाबा माझ्यामागं नव्हते. ते वाफ्यात गेले होते आणि त्या कारागिराच्या समोर, ज्या रोपाले तो हात लावणार होता त्याच्यापाशी, खाली मातीत मांडी घालून बसले होते. पांढरा सदरा, इस्त्री केलेला.

"देवाजीभाऊ, हे काय लावलं?" रुपराव म्हणाला. "उठा, कपडे खराब होऊन राहिले."

"होऊ दे."

"बाबा, चला ना," मी जवळ जाऊन म्हटलं. "अजून किती जागी जायचं आहे."

"तू जाय," बाबा म्हणाले. "हे उपटत नाही तोवर मी उठत नाही. मले आता घाई कायची आहे? घरी जाऊन कोणत्या झाडाचे डोळे काढू?"

कारागिरानं चाकू खाली ठेवला. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरून हात नेऊन डोळा बांधणं त्याले जमत नव्हतं. त्यानं रुपरावकडं पाहिलं, रुपरावनं माझ्याकडं. आमच्या घरात मी कधी बाबांपुढं जिंकली आहे का?

"पुढं कोण आहे?" मी बाबायले विचारलं.

"नाल्यापलीकडचा पिंटू," ते म्हणाले. "आणि जाशीन तिथं पहिलेच सांगजो, रोग आपल्या घरचा आहे म्हणून. ते मांगून सांगितलं की लोक ऐकत नाही."

मी हो म्हटलं, डोळे पुसले आणि गाडीले किक मारली.